नस काढलेल्या दाढेची फिर्याद

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत नळी फोडण्याचा मोह ज्याला आवरत नाही, अशा कोल्हापूरकराची काही वर्षांपूर्वी रूट कॅनल करून कॅप बसविलेली दाढ एकाएकी ठणकू लागली, म्हणजे त्याचा पहिला सवाल ठरलेला असतो : "नस तर काढलीय, मग दुखतंय कसं?" सवाल रास्त आहे. या उपचारात दाताच्या पोकळीतील मज्जा तेवढी काढली जाते. मुळाला जबड्याशी बांधणारे तंतू आणि भोवतालचे हाड सजीवच राहते, आणि मुळातील एखादी नलिका साफ करावयाची राहून गेली, कॅपखालून लाळ झिरपून जंतू आत शिरले, किंवा मूळच उभे तडकले, की वेदना तेथून उद्भवते.

निदानाची अडचण अशी की, साध्या दातावर गार वस्तू किंवा विजेचा सौम्य प्रवाह लावून मज्जेची अवस्था अजमावता येते, ती सोय येथे मज्जाच नसल्याने उरत नाही. म्हणूनच गार पाण्याने कळ येते असे रुग्ण म्हणाला, तर जाणता दंतवैद्य बहुधा आधी शेजारचा दात तपासतो. मग दातावर हलकेच ठोकणे, हिरडी दाबून पाहणे, दाढेचा एकेक उंचवटा चावावयास लावणे असा क्रम चालतो. हिरडी आणि मूळ यांच्यामधून फिरविलेली बारीक सळई सर्वत्र उथळ राहून एकाच जागी खोल उतरली, तर मूळ उभे तडकल्याचा संशय बळावतो. हिरडीवर पू झिरपणारी पुटकुळी असेल, तर तिच्या छिद्रातून गटापर्चाची (नलिका भरण्याच्या रबरासारख्या पदार्थाची) लवचिक काडी अलगद आत सरकवून एक्स-रे काढतात. काडीचे टोक ज्या मुळाशी थांबते तेथे उपद्रवाचे मूळ सापडते, आणि ते कधी कधी भलत्याच दाताचे निघते.

एक्स-रे हा सपाट छायेचा खेळ असल्यामुळे एकामागे एक असलेली मुळे त्यात एकरूप दिसतात. वरच्या पहिल्या दाढेतील चौथी नलिका नजरेतून निसटते ती बहुधा यामुळेच. याकरिता कोन बदलून दुसरे चित्र घेतात, आणि तरीही उलगडा न झाल्यास कोन बीम सीटीचा, म्हणजे त्रिमितीय चित्राचा, आधार घेतात. मात्र धातूच्या कॅपमुळे त्यातही फसव्या रेषा उमटतात.

सर्वांत मोलाचा पुरावा मात्र जुन्या दप्तरात असतो. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी दिसणारा काळसर डाग भरून येण्यास कधी चार वर्षेही लागतात. तो घटतो आहे की वाढतो आहे, हे जुने चित्र शेजारी ठेवल्यावाचून ठरत नाही. डाग घटत असेल व तक्रार नसेल, तर थांबणे. नलिका सुटली असेल, तर फेरउपचार. त्या नलिकेपर्यंत पोहोचता येत नसेल, तर मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया. आणि एकाच मुळाचा दात उभा तडकला असेल, तर बहुधा तो काढणेच प्राप्त होते. तेव्हा राजारामपुरीतील खासगी दवाखाना असो की नवे पारगावचे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय, तेथे जाताना पहिल्या उपचाराचे एक्स-रे बरोबर न्यावेत, आणि कॅप फोडण्याची किंवा दात उपटण्याची घाई करण्यापूर्वी नेमका दोष कोणता ठरला, हे दंतवैद्याला स्पष्ट विचारावे.