संगणकाच्या पडद्यासाठी सेरिफविरहित देवनागरी अक्षररचना

प्रस्तावना :
रोमन अक्षरांच्या टोकांशी असणाऱ्या लहान पूरक रेषेस 'सेरिफ' म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर ही बारीक टोके पुसट होत असत. म्हणून मॅथ्यू कार्टर यांनी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी 'व्हर्डाना' हा सेरिफविरहित अक्षरसंच तयार केला. देवनागरीत मात्र अशा अर्थाचे सेरिफ नाहीत. त्यामुळे या संकल्पनेचा विचार येथे वेगळ्या रीतीने करावा लागतो.

रेषा आणि जागा :
बोरूच्या तिरकस टोकामुळे पारंपरिक देवनागरी वळणात जाड व बारीक रेषांचा भेद निर्माण होतो. हा भेद जवळजवळ नाहीसा करून रेषा समान जाडीच्या ठेवणे, हे सेरिफविरहिततेचे देवनागरीतील समतुल्य रूप होय. तथापि खरा प्रश्न जागेचा आहे. इंचास ९६ बिंदू असलेल्या पडद्यावर १२ पॉइंटच्या अक्षरचौकटीस केवळ १६ बिंदूंची उंची मिळते. शिरोरेषेवरील वेलांटी, मात्रा व अनुस्वार, मधला अक्षरदेह आणि खालचे उकार यांना तेवढ्यातच सामावावे लागते. अक्षरदेह मोठा केल्यास मात्रा दबतात. लहान केल्यास 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांतील भेद हरवतो.

भारतीय प्रयत्न :
आय.आय.टी. मुंबई येथे अध्यापन केलेले प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेला 'मंगल' हा अक्षरसंच विंडोज २००० सोबत सर्वत्र पोहोचला. पुढील दशकात मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेतील गिरीश दळवी व यशोदीप घोलप यांनी समान जाडीच्या रेषांचा 'मुक्त' हा अक्षरसंच सात जाड्यांत सिद्ध केला. तो विनामूल्य वापरता येतो.

मराठीची गरज :
सुवाच्यतेइतकेच अचूकतेस महत्त्व आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतही तोच भेद. अर्धा 'ऱ' नीट न उमटल्यास अर्थच बदलतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' स्वीकृत आहेत. ओपनटाइप तंत्रामुळे एकाच अक्षरसंचात हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे ठेवता येतात. परंतु रचनाकाराने ती अंतर्भूत केलेली असावी लागतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी लागते.

निष्कर्ष :
कोल्हापूरसारख्या शहरातील महाविद्यालयांनी अभ्याससाहित्यासाठी अक्षरसंच निवडताना केवळ देखणेपणा पाहू नये. लहान आकारात 'ऱ्या', 'ल', 'श' व जोडाक्षरे पडद्यावर तपासूनच निवड करावी. कारण अक्षराचा दोष विद्यार्थ्याच्या आकलनात उतरतो.