गॅसचा भाव कोण ठरवतं आणि त्यावर लक्ष कोण ठेवतं?



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले की गप्पा हमखास महागाईवर येतात. "या वेळी टाकी लवकर संपली." "पावतीवर एक रक्कम आणि मागितले वेगळेच." "पंपावर दोनशेचं पेट्रोल टाकलं तरी काटा हलला नाही." मग कुणीतरी म्हणतं, "आपल्या हातात काय आहे? वर सगळे एकमेकांना मिळालेले असतात."

खरंच मिळालेले असतात का? असले, तर ते शोधून काढायचं काम कुणाचं? आणि आपल्या हातात खरोखर काहीच नाही का? हे या अंकात नीट समजून घेऊ.

भाव कसा बनतो?

आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो. त्याचा भाव सौदी अरेबियाची तेल कंपनी दर महिन्याला जाहीर करते, त्या भावाशी बांधलेला असतो. त्यात डॉलरचा दर, जहाजाचं भाडं, टाकी भरण्याचा खर्च, वितरकाचं कमिशन आणि जीएसटी मिळवला जातो. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आणि हॉटेलच्या गॅसवर १८ टक्के. म्हणून भावाची बातमी बहुतेक वेळा महिन्याच्या १ तारखेला येते.

पेट्रोल-डिझेलला जीएसटी नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. पूर्वी पेट्रोलचा भाव सरकार ठरवायचं. जून २०१० मध्ये ते बंधन निघालं, डिझेलचं ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू होऊ लागला.

भाव कंपन्या ठरवू लागल्या, तसं लक्ष ठेवणाऱ्यांचं कामही वाढलं. लबाडी तीन ठिकाणी होऊ शकते: भावात, मापात आणि माल भलतीकडे वळवण्यात. तिन्हींवर पहारा वेगळा आहे.

पहिली लबाडी: भाव संगनमताने ठरवणं

देशातला आणि बाहेरचा तेलाचा भाव यांचा हिशेब केंद्र सरकारचा पेट्रोलियम नियोजन आणि विश्लेषण कक्ष ठेवतो. हा कक्ष २००२ पासून आहे. व्यापारी आपसात ठरवून भाव चढवतात का, हे तपासणं भारतीय स्पर्धा आयोगाचं काम. आयोगाने हाताळलेलं एक प्रकरण तर थेट आपल्या चुलीजवळचं आहे.

२०१० साली इंडियन ऑइलने १४.२ किलोच्या १ कोटी ५ लाख रिकाम्या टाक्या विकत घेण्यासाठी निविदा काढली. टाक्या बनवणाऱ्या ५० कंपन्यांनी भाव भरले. पाकिटं उघडली तर बऱ्याच कंपन्यांचे भाव तंतोतंत सारखे, किंवा जवळपास सारखे! निविदा उघडायच्या आधी दोन दिवस यातल्या बऱ्याच कंपन्यांची माणसं मुंबईत एका हॉटेलात जमली होती, हेही पुढे आलं. दुसऱ्याच एका तक्रारीच्या चौकशीत ही गोष्ट आयोगाच्या नजरेस पडली. २०१२ मध्ये आयोगाने ४४ कंपन्यांना मिळून सुमारे १६५ कोटी रुपये दंड ठोठावला. अपिलात न्यायाधिकरणानेही कंपन्यांना दोषी धरलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दंड रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं: या टाक्या घेणाऱ्या कंपन्या तीनच. भाव जवळजवळ त्याच ठरवतात आणि मागच्या वर्षीचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. अशा बाजारात भाव सारखे आले, एवढ्यावरून संगनमत झालं असं म्हणता येत नाही.

ताईंनो, यातून आपण एक गोष्ट उचलायची. संशय आणि पुरावा यांत फरक आहे. सगळ्या पंपांवर भाव सारखा दिसतो म्हणजे सगळे मिळालेले आहेत, असं लगेच होत नाही. एकाच जागचा खर्च आणि एकच कर असला की भाव सारखा येऊ शकतो. म्हणून तपासणाऱ्याला आकडे लागतात, तारखा लागतात, कागद लागतात. जर्मनीत तर २०१३ पासून प्रत्येक पेट्रोल पंपाला भाव बदलला की लगेच सरकारी कार्यालयाला कळवावं लागतं. कोणी कधी भाव बदलला हे नोंदीत राहतं आणि लोकही मोबाइलवर भाव पाहून पंप निवडतात. पहारा म्हणजे शेवटी नोंदवहीच, आणि नोंदवही तर आपल्या गटाची ताकद आहे!

दुसरी लबाडी: मापात मारणं

भाव खरा, पण माल कमी, ही खरं तर गुपचूप केलेली भाववाढच. यावर आपल्या राज्यात वैध मापन शास्त्र यंत्रणा लक्ष ठेवते. पंपावरच्या यंत्राची तिला दरवर्षी तपासणी करून मोहोर लावावी लागते.

२०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पंपाच्या यंत्रांत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपा सापडल्या. आकडा पूर्ण फिरायचा, पेट्रोल कमी पडायचं. धागेदोरे महाराष्ट्रापर्यंत आले आणि ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात अनेक पंपांवर छापे टाकले. मोहोर जागेवर होती, लबाडी आत होती.

म्हणून ग्राहकाला तपासणीचा हक्क दिलेला आहे. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असायलाच हवं. शंका आली तर "मापाने मोजून दाखवा" म्हणायचं. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करायची. पेट्रोलमध्ये भेसळ वाटली तर फिल्टर पेपर मागायचा, तो फुकट मिळतो. थेंब टाकून वाळू द्यायचा. डाग राहिला तर भेसळीचा संशय धरायचा.

घरच्या टाकीचं तर आणखी सोपं. टाकीच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. समजा ते १५.८ किलो आहे. त्यात १४.२ मिळवा, झाले ३०. काट्यावर टाकी ३० किलो भरली पाहिजे. १५० ग्रॅम इकडेतिकडे चालतं. २९.३ भरली, तर ७०० ग्रॅम गॅस गेला. टाकी आणणाऱ्याकडे वजनकाटा असावा असा नियम आहे आणि वजन करून मागणं हा आपला हक्क आहे.

७०० ग्रॅमने काय होतं, असं वाटेल. हिशेब करू. समजा टाकी ९०० रुपयांची. म्हणजे किलोला साधारण ६३ रुपये, ७०० ग्रॅमचे ४४ रुपये. गटात १२ घरं आणि घरटी वर्षाला ६ टाक्या धरल्या तर ७२ टाक्या, म्हणजे ३,१६८ रुपये. महिना १०० रुपये बचत करणाऱ्या १२ जणींची ही अडीच महिन्यांची बचत झाली.

तिसरी लबाडी: स्वस्त माल महाग जागी वळवणं

एकाच वस्तूला दोन भाव असले की मधल्या फरकावर डोळा ठेवणारा माणूस येतोच. २५ जानेवारी २०११ ची घटना अनेकींना आठवत असेल. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाची चोरी चाललेली दिसली. ते थांबले, जाब विचारला, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. त्या वेळी रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. गरिबाच्या दिव्याचं रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं की पैसाच पैसा. त्या पैशापायी एका अधिकाऱ्याचा जीव गेला.

गॅसमधली वळवावळव थांबवायला १ जानेवारी २०१५ पासून देशभर अनुदान थेट बँक खात्यात देणं सुरू झालं. एकाच नावावरच्या दोन-दोन जोडण्या शोधून बंद केल्या. आता टाकी देताना मोबाइलवर आलेला कोड विचारतात, तोही त्यासाठीच. टाकी हातात पडल्याशिवाय कोड कुणालाही सांगू नका. आपल्या नावावरची टाकी दुसरीकडे गेली, तर उज्ज्वलाच्या अनुदानात आणि अन्नपूर्णा योजनेच्या तीन मोफत टाक्यांत आपलाच हिशेब चुकतो.

आता आपल्या घरातलं बोलू

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी घाटात पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. आपल्या किती ताया भजी, चहा, पिठलं-भाकरीचे स्टॉल लावतात! चार महिन्यांत वर्षाची फी, बी-बियाणं निघतं. पण स्टॉलवर टाकी कोणती असते? घरचीच. आपण हे सहज करतो, कुणाला फसवायचा हेतू नसतो. पण कायद्याने घरगुती गॅस धंद्याला वापरता येत नाही. पुरवठा अधिकारी आले तर टाकी जप्त होऊ शकते, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा नोंदू शकतो. आग लागली तर विम्याचा दावाही अडकू शकतो, कारण जोडणी घराच्या पत्त्यावर आहे.

धंद्याच्या टाकीने प्लेट किती महाग पडेल? समजा १९ किलोची व्यावसायिक टाकी १,८०० रुपयांना मिळाली आणि तिच्यात ६०० प्लेट भजी निघाली. प्लेटमागे ३ रुपये गॅस. तेवढाच गॅस घरच्या भावाने धरला तर प्लेटमागे २ रुपये. म्हणजे फरक रुपयाचा! भाव तुमच्या गावचा घाला आणि गटात हाच हिशेब मांडून पाहा. दोन-तीन जणींनी मिळून एक टाकी घेता येईल. लहान स्टॉलसाठी बाजारभावाची ५ किलोची टाकीही मिळते.

गटाने काय करायचं?

१. ग्रामसंघाने ५० किलोपर्यंतचा एक लटकता काटा घ्यावा. त्यावर वजन कमी दिसलं तर टाकी आणणाऱ्याच्या काट्यावर पुन्हा करून घ्यायचं.

२. गटाच्या वहीत एक पान गॅसचं ठेवा: तारीख, पावतीची रक्कम, दिलेली रक्कम, भरलेलं वजन. सील तुटलेलं असेल तर टाकी घेऊ नका.

३. टाकीवरची तपासणीची मुदत वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली टाकी परत करा.

४. घरपोच आणण्याचा खर्च पावतीतच धरलेला असतो. वितरकाच्या हद्दीत त्यावर जास्त मागितले तर आधी पावती मागा.

५. तक्रार करायची तर गॅससाठी १८००-२३३३-५५५, कोणत्याही ग्राहक तक्रारीसाठी १९१५. गॅस गळतीसाठी १९०६, हा नंबर तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरच लिहा. लेखी अर्ज पौडच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखेत द्या आणि पोच घ्या.

एकटीने तक्रार केली की "तुमचंच काहीतरी चुकलं असेल" असं ऐकावं लागतं. बारा घरांच्या तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की ते बोलणं बंद होतं. वर दिल्ली-मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला ताम्हिणीतली टाकी दिसत नाही. ती आपल्यालाच दिसते.

पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा, आणि कोणत्याही एका ताईच्या घरची भरलेली टाकी तिथेच काट्याला लावून बघा.