बोटाचा ठसा आणि देशाची सुरक्षा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. चर्चा होती ती रेशन आणि अनुदानाची; राष्ट्रीय सुरक्षेशी या बारा आकड्यांचा संबंध कुणी फारसा जोडला नाही. तो आता जोडावाच लागेल, कारण या आकड्यांमागे आपल्या बोटांचे ठसे आहेत. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारीविषयक कार्यालयातून सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याचे उघड झाले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, ठसा जन्मभराचा.

आपले ठसे आधारच्या केंद्रीय साठ्यात सांकेतिक रूपात सुरक्षित आहेत, असे सांगितले जाते आणि ते म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण चोराला तिजोरी फोडावीच लागते असे नाही. जमिनीच्या खरेदीखतावरचा ठसा उचलायचा, त्याची रबरी नक्कल करायची आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायचे, असे गुन्हे देशात पोलिसांनी पकडले आहेत. आपला ठसा आधारसाठी वापरता येऊ नये म्हणून तो बंद ठेवण्याची, म्हणजे बायोमेट्रिक लॉकची सोय आहे खरी. पण त्यासाठी ओटीपी लागतो, म्हणजे नोंदवलेला मोबाइल आणि रेंज आली. नंदुरबारमधल्याच अक्कलकुवा-धडगावकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर नेमकी त्याचीच वानवा. म्हणून सायबर सुरक्षेचा पैसा केंद्रीय सर्व्हरइतकाच गावात ठसा घेऊन पैसे देणाऱ्या बँक मित्राच्या यंत्रावर आणि तालुक्याच्या पोलिस ठाण्यातल्या प्रशिक्षणावरही खर्च व्हायला हवा.