जखम घोट्यावर, दुखणं शिरेत

इचलकरंजीतल्या मागवाल्यांचे पाय पाळी सुटताना बघावेत. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांवर शिरांची गाठोडी झालेली असतात. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला कातडी तपकिरी आणि निबर होते. तिथेच सायकलचं पेडल घासतं, ओरखडा उठतो आणि भरायचं नाव घेत नाही. महिने जातात, कुणाची वर्षं जातात. ड्रेसिंग रूममध्ये माझ्यासमोर स्टुलावर येतात ते हे पाय.

येताना त्यावर हळद असते, चुना असतो, कॅप्सूल फोडून भुरभुरलेली पूड असते. आणि ठरलेलं वाक्य, “सिस्टर, उघडी ठेवा की, वाळू दे जरा.” एवढं एक मनातून काढायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जखमा त्याने उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कातडीच्या पेशींना सरकायला ओल लागते. कडक खपलीखाली त्यांना वाट शोधत खोल जावं लागतं.

म्हणून चिकटलेला कोरडा गॉज ओढून काढणं मला बघवत नाही. आठवडाभरात आलेली कोवळी कातडी त्या एका हिसक्यात निघून जाते. सलाईनने भिजवा, थांबा, मग काढा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर या जखमेत नकोच. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात.

न चिकटणारी पट्टी महागच असते असं नाही. आपल्याकडचा व्हॅसलीन गॉज ज्या पट्टीच्या वंशातला, ती ‘त्यूल ग्रा’ पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ओग्युस्त ल्युमिएर यांनी तयार केली. हो, तेच सिनेमावाले ल्युमिएर, ज्यांची हलती चित्रं मुंबईने ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पाहिली. मुंबईतच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेली केळीची पानं वापरून दाखवली. पान गुळगुळीत, चिकटत नाही, काढताना रुग्ण कळवळत नाही. मात्र घरी परड्यातलं पान तोडून पायावर बांधू नका. निर्जंतुक करणं हाच त्यातला जीव आहे.

दुकानात फोम आहे, समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट आहे, जेल आहे, चांदीची पट्टी आहे. पाणी फार येत असेल तर शोषणारी पट्टी, कोरडी असेल तर जेल, इतका विचार पुरतो. चांदीची पट्टी साध्या पट्टीपेक्षा लवकर जखम भरते का, हे ब्रिटनमधल्या एका चाचणीत तपासलं; २००९ साली आलेला निकाल ‘नाही’ असाच होता. न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर मधाच्या पट्टीची चाचणी झाली, तिथेही भरून येण्यात ठोस फरक दिसला नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून चांदीची पट्टी आणणाऱ्या मावशींना मी हे सांगते, तेव्हा माझा जीव तुटतो.

कारण खरा इलाज पट्टीच्या वर असतो. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पाणी परत उतरतं, तसं इथे होतं. स्तब्ध उभं असताना पावलाजवळच्या शिरेत पाऱ्याचा ८० ते ९० मिलिमीटर दाब असतो. निरोगी पायात चालताना तो झपाट्याने उतरतो, झडपा निकामी झालेल्या पायात चढाच राहतो. मग पाणी कातडीत झिरपतं आणि जखमेची जागा उपाशी राहते.

त्यावर उपाय बाहेरून दाब देण्याचा. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर आणि गुडघ्याकडे जाताना कमी. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातून आलेली चार थरांची पद्धत यासाठीच आहे: आधी कापूस, मग क्रेप, मग दोन लवचीक थर. पाऊल काटकोनात धरायचं, बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा. नुसतं एक क्रेप बँडेज संध्याकाळपर्यंत घोट्याशी गोळा होतं.

पण आधी धमन्या तपासल्याशिवाय हा दाब कुणीही देऊ नये. डॉप्लरने घोट्याचा रक्तदाब मोजतात. तो दंडाच्या ०.८ पटीहून कमी असेल तर पायाला रक्तच कमी पोचतंय, आणि आवळलेली पट्टी पाय घालवू शकते. मधुमेही माणसाच्या धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा चांगला येतो, त्यांची तपासणी अधिक नेटाने हवी. उपचार करूनही महिनोन्‌महिने न भरणाऱ्या, कडा उचललेल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा. क्वचित तिथे कर्करोग असतो.

गळक्या शिरेवरही लवकर इलाज करून घ्यावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दाबपट्टीबरोबर शीर लवकर बंद केलेल्यांच्या जखमा मध्यमानाने ५६ दिवसांत भरल्या, शीर नंतर बंद करायची ठेवलेल्यांच्या ८२ दिवसांत.

जखम भरली की लोक येणं थांबवतात आणि काही महिन्यांनी तोच पाय घेऊन परत येतात. दाबाचे मोजे रोज घालायचे असतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज चढायच्या आत. सहा महिन्यांनी त्यांचा ताण जातो, तेव्हा नवी जोडी घ्यावी लागते.