भारताने डब्ल्यूएचओ सोडावी का? उत्तर शोधायला बीडच्या मामला गावात जावं लागतं

अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटना सोडली, तेव्हापासून एक प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरतोय. अमेरिका बाहेर पडू शकते तर आपण का नाही? वर्गणी वाचेल, 'बाहेरच्यांची दादागिरी' संपेल, लॉकडाऊन लावायला कुणी सांगणार नाही. मीरा-भाईंदरच्या एखाद्या फॅमिली ग्रुपवर तुम्हीही असा फॉरवर्ड वाचला असेल.

प्रश्न फालतू नाहीये. आधी अमेरिकेत नेमकं काय झालं ते बघू.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी, बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. तसं त्यांनी हे २०२० मध्येच सुरू केलं होतं, पण बायडेन यांनी आल्या आल्या तो निर्णय फिरवला. गंमत अशी की डब्ल्यूएचओच्या घटनेत बाहेर पडण्याचं कलमच नाही. अमेरिकेने १९४८ मध्ये सामील होतानाच स्वतःपुरती अट घालून ठेवली होती, की एक वर्षाची नोटीस देऊन आणि देणी चुकती करून आम्हाला जाता येईल. त्या नोटिशीची मुदत २२ जानेवारी २०२६ ला संपली. अर्जेंटिनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच मार्ग जाहीर केला.

भारताने अशी कुठली अट घातलेली नाही. आपण १२ जानेवारी १९४८ पासून सदस्य आहोत आणि आग्नेय आशियाचं प्रादेशिक कार्यालय दिल्लीतच आहे.

अट नसताना कुणी गेलंच तर काय होतं? त्याचंही उदाहरण आहे. १९४९ मध्ये सोव्हिएत रशिया आणि त्याचे मित्रदेश रागावून निघून गेले. संघटनेने राजीनामा मानलाच नाही, त्यांना 'निष्क्रिय सदस्य' म्हणून वहीत ठेवलं. सात-आठ वर्षांनी रशिया परत आला आणि १९५८ मध्ये त्याच रशियाने देवी रोग जगातून संपवायचा प्रस्ताव मांडला. १९८० मध्ये देवी संपल्याची घोषणा झाली.

आता आपल्याकडे येऊ. असं समजा की अशी संघटना नाही, किंवा आहे पण तिचं कुणी ऐकत नाही. तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने दोनदा बघितलंय.

पहिली वेळ १८९६ ची. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. युरोपातल्या देशांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध आणले आणि १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरवली. मुंबईतून हजला जाणारी वाहतूक सरकारला बंद करावी लागली. मुंबईचं काय करायचं हे युरोपात ठरत होतं आणि तिथे हिंदुस्थानच्या वतीने इंग्रज बोलत होते.

दुसरी वेळ अनेकांच्या आठवणीतली आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास वाढला आणि लोकांच्या काखेत, जांघेत गाठी येऊ लागल्या. भूकंपानंतर लोकांनी घरं सोडली, धान्य तिथेच राहिलं आणि उंदीर माजले, असं कारण त्यावेळी दिलं गेलं. मग सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी आली आणि शहरातून लाखो लोक पळाले. सुरतेत खानदेशातले कामगार पुष्कळ, त्यामुळे भरलेल्या गाड्या महाराष्ट्राकडे आल्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या.

त्या साथीत मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. नुकसान मात्र दोन अब्ज डॉलरच्या घरात गेलं, असे अंदाज आहेत. कारण आजार नव्हता, घबराट होती. आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली, माल अडवला, पर्यटकांनी बुकिंग रद्द केली. तेव्हाच्या आरोग्य नियमांत अशा बंदीला आधार नव्हता आणि डब्ल्यूएचओनेही प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती. संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः भारतात आले, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं पथक आलं आणि मग हळूहळू वातावरण निवळलं.

इथे दोन्ही बाजू दिसतात. संघटनेचं बोलणं देशांनी ऐकलं नाही, हे खरं. पण 'भारतात सगळीकडे प्लेग नाही' हे आपल्या सरकारने सांगून जगाला पटत नव्हतं, तिसऱ्या कुणीतरी येऊन बघून सांगावं लागलं, हेही तितकंच खरं.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने नियम बदलायचं ठरवलं. जुने नियम कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर या तीनच रोगांपुरते होते. नवे नियम २००५ मध्ये मंजूर झाले आणि २००७ पासून लागू झाले. आता धोक्याची घटना २४ तासांत कळवावी लागते आणि शिफारशीबाहेर जाऊन निर्बंध लावले तर कारण द्यावं लागतं. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची माहिती प्रामाणिकपणे जगाला दिली आणि बक्षीस म्हणून तिचीच विमानं बंद झाली. डब्ल्यूएचओकडे पोलीस नाहीत. दंडही ठोठावता येत नाही.

हाच मुद्दा फॉरवर्ड करणाऱ्यांनी नीट बघायला हवा. जी संघटना विमानबंदी उठवू शकत नाही, ती तुमच्या गल्लीत लॉकडाऊन कसा लावणार? २० मे २०२५ ला जो महामारी करार मंजूर झाला, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की लॉकडाऊन, प्रवासबंदी किंवा लसीची सक्ती करायला देशांना भाग पाडण्याचा अधिकार संघटनेला नाही.

मग टीका खोटी आहे का? अजिबात नाही. २८ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे ट्विट केलं होतं. ते चुकीचं ठरलं आणि दुरुस्ती फार उशिरा झाली. चीनकडून माहिती काढण्यात संघटना दुबळी पडली. पैशाचं गणितही विचित्र आहे. देशांची ठरलेली वर्गणी बजेटचा लहान भाग असते, बाकीचे पैसे ऐच्छिक आणि त्यातले बरेचसे 'याच कामाला वापरा' असं सांगून दिलेले. म्हणजे देणगीदार ज्या रोगाला पैसे देईल, तो रोग महत्त्वाचा.

भारताचंही वाजलं आहेच. मे २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने अंदाज दिला की २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले. सरकारी आकडा होता ४.८ लाखांच्या आसपास. सरकारने मोजण्याच्या पद्धतीवरच जाहीर आक्षेप घेतला. पण भारत बाहेर पडला नाही. उलट त्याच वर्षी जामनगरला पारंपरिक औषधांचं डब्ल्यूएचओचं केंद्र सुरू करायला २५ कोटी डॉलर देऊ केले.

का? निम्मं उत्तर पुण्यात आहे. सीरम इन्स्टिट्यूटच्या लसी युनिसेफमार्फत गरीब देशांत जातात आणि त्यासाठी डब्ल्यूएचओची पूर्वपात्रता लागते. २०१० पासून आफ्रिकेतल्या लाखो मुलांना मिळालेली मेंदूज्वराची 'मेनआफ्रिव्हॅक' लस पुण्याची. डिसेंबर २०२३ मध्ये पूर्वपात्रता मिळालेली मलेरियाची आर२१ लसही तिथेच बनते. कोव्हॅक्सिनला तर डब्ल्यूएचओची आपत्कालीन वापराची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत मिळाली नव्हती, तोवर ती लस घेतलेल्यांना परदेशात जायचे वांधे झाले होते. भारत बाहेर पडला तर हे शिक्के रातोरात पुसले जातील असं मी म्हणत नाही. पण शिक्क्याचे नियम ठरतात तिथे आपली खुर्ची नसेल.

उरलेलं निम्मं उत्तर मुंबईत, अगदी तुमच्या घराजवळ आहे. तारोडी-डोंगरीपासून परळपर्यंत कुठल्याही पोलिओ बूथवर डोसाच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात छोटा चौकोन असतो. चौकोनाचा रंग गोलाइतका गडद झाला की लस उष्णतेने वाया गेली, टाकून द्यायची. हे लेबल डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या आग्रहामुळे १९९६ पासून पोलिओच्या बाटल्यांवर आलं. वीज गेली आणि फ्रिज बंद पडला तरी नर्सबाईंना नुसतं बघून कळतं. १९९७ पासून भारत सरकार आणि डब्ल्यूएचओने मिळून पोलिओची टेहळणी उभी केली. १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर शौचाचे दोन नमुने तपासायला जातात. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यातही पोलिओचा विषाणू शोधला जातो, परळच्या प्रयोगशाळेत. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ चं. शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून हे काम थांबवता येत नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर सोडण्यात भारताचा फायदा एक टक्क्याच्या आसपासच्या वर्गणीइतका आणि तोटा कितीतरी मोठा. अमेरिकेकडे स्वतःची सीडीसी आहे, पैसा आहे आणि थेट करार करून माहिती मिळवायची ताकद आहे. तरी तिचंही नुकसान होणारच आहे.

भांडायचंच असेल तर जागा आहे. महामारी करारातला सर्वात अवघड भाग विषाणूंच्या नमुन्यांचा आहे. म्हणजे उद्या पुण्याच्या एनआयव्हीने नवा विषाणू शोधून जगाला दिला, तर त्यातून बनलेली लस भारताला कधी आणि किती भावात मिळणार? २००७ मध्ये इंडोनेशियाने याच रागातून बर्ड फ्लूचे नमुने द्यायला नकार दिला होता. करारानुसार सहभागी कंपन्यांनी महामारीत २० टक्के उत्पादन डब्ल्यूएचओला उपलब्ध करून द्यायचं, त्यातलं निदान १० टक्के मोफत. पण अटींचं परिशिष्ट वेगळं ठेवलं गेलं. ते मंजूर झाल्यावरच करार सह्यांसाठी खुला होणार आणि ६० देशांनी मान्यता दिल्यावर लागू होणार. ही घासाघीस फक्त सदस्यांनाच करता येते.