हरवलेल्या वस्तूंची वही

मुलांच्या संग्रहालयात दोन तऱ्हेच्या वस्तू असतात, मांडलेल्या आणि राहून गेलेल्या. मांडलेल्यांना क्रमांक, काच आणि दिवा मिळतो. राहून गेलेल्या तिकीट खिडकीमागच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात पडतात: टोपी, खाऊचा डबा, एका पायातला बूट, कान चघळून काळा पडलेला कापडी ससा. ठरावीक मुदतीनंतर खोकं रिकामं होतं आणि त्याची कुठेही नोंद उरत नाही. ही नोंद राहायला हवी, असं माझं म्हणणं आहे; बालपणाचा पुरावा म्हणून ते खोकं काचेच्या कपाटापेक्षा काकणभर सरसच ठरेल. हे म्हणणं तपासायला वेंटवर्थव्हिल हे सिडनीचं उपनगर सोयीची जागा आहे. इथून आगगाडीने तासाभराच्या आत सिडनीतली अशी दोन ठिकाणं गाठता येतात, जिथे हरवलेल्या वस्तूंनीच इतिहास दुरुस्त केला.

पहिलं ठिकाण ‘द रॉक्स’. 1900 साली सिडनीत प्लेग आला, सरकारने बंदराकाठची ही वस्ती ताब्यात घेतली आणि पुढे तिथली बरीच घरं पाडली. गलिच्छ, बेशिस्त लोकांची वस्ती हीच तिची ओळख कागदोपत्री राहिली. 1994 मध्ये कंबरलँड आणि ग्लॉस्टर या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात उत्खनन झालं आणि सुमारे साडेसात लाख वस्तू व तुकडे हाती आले. त्यांत चिनी मातीची नक्षीदार भांडी होती, तशाच गोट्या, बाहुल्यांचे अवयव आणि भातुकलीच्या कपबशाही होत्या. ग्रेस कार्सकेन्स या इतिहासकार बाईंनी या सामग्रीवरून दाखवून दिलं की तिथली कुटुंबं घर सजवत होती, मुलांसाठी खेळणी विकत आणत होती. सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं, किंवा पाहायचं नव्हतं. आता, या गोट्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या. त्या हरवल्या, फुटल्या, टाकून दिल्या गेल्या, म्हणून राहिल्या. कपाटातली शंभर वर्षांची देखणी बाहुली मात्र बहुतेकदा तिच्याशी कुणी फारसं खेळलं नाही म्हणूनच शाबूत असते. बालपणापेक्षा मोठ्यांच्या शिस्तीचीच साक्ष ती अधिक देते.

दुसरं ठिकाण हाइड पार्क बॅरॅक्स. फ्रान्सिस ग्रीनवे या, स्वतःच शिक्षा भोगायला आलेल्या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत 1819 मध्ये कैद्यांसाठी उघडली. शेजारचं ‘रम हॉस्पिटल’ उभारणाऱ्या ठेकेदारांत डार्सी वेंटवर्थ हा डॉक्टर होता. वेंटवर्थव्हिलला नाव मिळालं ते त्याच्याच इस्टेटीवरून. 1848 पासून बॅरॅक्समध्ये स्थलांतरित स्त्रिया उतरू लागल्या. त्यांत दुष्काळग्रस्त आयर्लंडमधल्या अनाथ मुली होत्या; पुढे 1862 ते 1886 निराधार वृद्धाही तिथे राहिल्या. 1980च्या सुमारास फरशीच्या फळ्या उचकटल्या, तेव्हा खाली टाचण्या, दोरे, कापडाच्या चिंध्या, जपमाळा, मातीच्या चिलमी, छापील कागदांचे कपटे असा खजिना निघाला. त्यातला पुष्कळसा उंदरांनी बिळासाठी ओढून नेलेला. कोरड्या, अंधाऱ्या पोकळीत कापड आणि कागदही टिकले. नोंदवह्यांत या बायका मोजक्या तपशिलांपुरत्याच उरतात. त्या शिवत होत्या, प्रार्थना करत होत्या, लपूनछपून चिलीम ओढत होत्या, हे कळतं ते फळ्यांखालून.

यावर आक्षेप असा की उंदीर काही निःपक्षपाती संग्राहक नव्हेत. कबूल. फळीच्या फटीतून टाचणी जाते, खुर्ची जात नाही. पण निवड दिनकर केळकरांनीही केली होती. अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिलेलं त्यांचं पुण्यातलं संग्रहालय दिव्यांनी आणि अडकित्त्यांनी समृद्ध आहे, कारण केळकरांची नजर कारागिरीवर होती. सौंदर्याची निवड आणि फटीची निवड वेगवेगळ्या दिशांना चुकतात, म्हणूनच दोन्ही हाताशी असाव्यात.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: शंभर वर्षांपूर्वीची गोटी ठीक, पण आजच्या पाण्याच्या बाटलीत काय आहे? उत्तर मुलांच्या संग्रहालयाच्या घडणीतच सापडतं. ब्रुकलिनमध्ये 1899 साली असं पहिलं संग्रहालय निघालं. 1962 पासून बॉस्टनमध्ये मायकेल स्पॉक यांनी ‘हात लावा’ हा रिवाज रुळवला. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठाने 2015 मध्ये उघडलेलं केंद्र याच परंपरेतलं. काचेसमोर मूल आपली वस्तू हातात धरून उभं राहू शकतं. पाण्याच्या हौदाशी खेळायचं तर ती खाली ठेवावीच लागते. तेव्हा काय कुठे राहिलं, यावरून मूल कशात रमलं ते कळतं. तान्ह्या मापाचा एकटा बूट सापडला, तर तो बहुधा बाबागाडीतून निसटलेला. जोडी सापडली, तर मूल ती काढून खेळायला गेलेलं. कोणती वस्तू परत मागितली जाते, याची नोंद तर आणखी बोलकी ठरेल. डोनल्ड विनिकॉट यांनी 1953 च्या निबंधात आईपासून सुटं होताना मूल ज्या गोधडीला किंवा बाहुल्याला बिलगतं, त्याचं महत्त्व सांगितलं होतं. दुकानात त्या सशाला किंमत नाही, आणि नवा ससा आणून भागत नाही, हे कोणतीही आई सांगेल.

मालकीचा प्रश्न उरतो. 1722 मध्ये इंग्लंडात धुराडी झाडणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सापडला. सराफाच्या शिकाऊ नोकराने त्यातले खडे काढून घेतले. न्यायालयाने निकाल दिला की खरा मालक सोडून इतर कुणाहीपुढे त्या पोराचाच हक्क वरचढ. भारतीय करार कायद्याचं 71 वं कलम सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळण्याची जबाबदारी टाकतं. म्हणजे वस्तू संग्रहालयाची होतेच असं नाही, आणि मला ती हवीही नाही. नाव झाकून एक फोटो, तारीख, सापडलेली जागा, परत गेली की नाही, एवढं वहीत आलं की पुरे. वस्तू खुशाल दान करावी. बाटलीवर चिकटवलेलं मुलाचं नाव आणि फोन नंबर वहीत उतरवायचा मोह मात्र टाळायलाच हवा.

वेंटवर्थव्हिलमधल्या मराठी घरांना या वहीत वेगळा रस असायला हरकत नाही. स्थलांतराची प्रदर्शनं सुटकेस, पासपोर्ट आणि पैठणीवर भागवतात, कारण मोठी माणसं देणगी देताना तेच काढून देतात. आजीने बाळाच्या मनगटात घातलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या कुणी देणगीत देत नाही, आणि पाण्याच्या हौदाकाठी काढून ठेवल्या तर त्या तिथे राहू शकतात. खोकं उघडणाऱ्याने ‘ब्रेसलेट’ एवढंच लिहिलं, तर निम्मा पुरावा गेला. म्हणून वही भरताना आसपासच्या वस्तीतल्या कुणालातरी महिन्यातून एकदा बोलावून या वस्तू दाखवाव्यात. पॅरामॅटात नदीकाठी उभं राहणारं नवं पॉवरहाउस संग्रहालय वेंटवर्थव्हिलपासून दोनच स्टेशनांवर आहे. तिथे ही पद्धत पहिल्या दिवसापासून सुरू करायला वेगळ्या दालनाची गरज पडणार नाही.