आठवण म्हणजे तबकडी नव्हे

मोठ्या गायक-वादकांच्या आख्यायिका तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. अमक्या बुवांनी भर मैफलीत असा सूर लावला, तमक्या खाँसाहेबांनी राजाला तसे सुनावले! सांगणारा वर ठासून म्हणतो, "अहो, मी स्वतः तिथे होतो." मग शंका घ्यायला जागाच उरत नाही. पण जो स्वतः तिथे होता, त्याची आठवण तरी कितपत खरी असते? हे पाहण्यासाठी आपण एका जगप्रसिद्ध मैफलीला जाऊ या.

बेथोव्हेनला केव्हा वळवले?

७ मे १८२४ ची संध्याकाळ. व्हिएन्ना शहरातील कर्न्टनरटोर नाट्यगृहात बेथोव्हेन या थोर जर्मन संगीतकाराची नववी सिंफनी प्रथमच सादर होत होती. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेली, बहुधा चार भागांची रचना. या सिंफनीच्या चौथ्या भागात गायकही होते. बेथोव्हेन त्या वेळी ५३ वर्षांचा होता आणि जवळजवळ ठार बहिरा झाला होता. वाद्यवृंदाचे खरे संचालन उमलाउफ हा संगीतकार करीत होता. बेथोव्हेन शेजारी उभा राहून प्रत्येक भागाची लय तेवढी दाखवीत होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बेथोव्हेनची पाठ श्रोत्यांकडे होती आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हते. तेव्हा कॅरोलिन उंगर या वीस वर्षांच्या गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले. न ऐकू येणाऱ्या टाळ्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या. प्रसंग असा की, ऐकणाऱ्याचेही डोळे पाणावतात.

पण हे घडले केव्हा? उंगरने १८६९ मध्ये जॉर्ज ग्रोव्ह या संगीतकोशकाराला सांगितले की, मैफलीच्या शेवटी. थालबर्ग या प्रसिद्ध पियानोवादकाने १८६० मध्ये बेथोव्हेनचा चरित्रकार थेयर याला सांगितले की, सिंफनीचा दुसरा भाग संपल्यावर. दोघेही त्या दिवशी तिथे हजर होते. थालबर्ग तेव्हा बारा वर्षांचा मुलगा होता. त्याने ही हकीकत सांगितली ३६ वर्षांनी आणि उंगरने ४५ वर्षांनी!

दोघांपैकी खोटे कोण बोलले? कोणीच नाही, असे मला वाटते. कदाचित टाळ्या दोन्ही वेळा पडल्या असतील आणि आठवणीत त्यांची सरमिसळ झाली असेल. शिवाय गोष्टीचा कळस शेवटी आला म्हणजे ती अधिक रंगते. वर्षानुवर्षे सांगता सांगता प्रसंग आपोआप शेवटाकडे सरकणे अगदी शक्य आहे.

कोट काळा की हिरवा?

त्या दिवशी बेथोव्हेनने काळा कोट घातला होता, असेही थालबर्गने सांगितले. आता दुसरा पुरावा पाहा. बेथोव्हेनला ऐकू येत नसल्यामुळे भेटायला येणारी माणसे आपले म्हणणे एका वहीत लिहून दाखवीत. अशा शंभराहून अधिक वह्या आजही उपलब्ध आहेत. त्या मैफलीच्या वेळची, त्याचा मदतनीस शिंडलर याच्या हातची एक नोंद सांगते की, काळा कोट नाही, तेव्हा हिरवाच घाला. नाट्यगृहात अंधार असेल, कोणाच्या लक्षात येणार नाही.

इथे चूक आठवणीचीच असेल असे नाही. आपल्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींना पुरेसा उजेड लागतो. अंधुक उजेडात दंडाकार पेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. दिवेलागणीला हिरवे पान काळपट दिसते ते यामुळेच. तेव्हा थालबर्गला हिरवा कोट मुळातच काळा दिसला असेल. म्हणजे पाहताना, साठवताना आणि सांगताना अशा तीन ठिकाणी चूक शिरू शकते.

लेखी नोंदही डोळे मिटून स्वीकारता येत नाही, हेही इथेच सांगायला हवे. शिंडलरने या वह्यांत बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर पुष्कळ मजकूर घुसडला, हे पूर्व जर्मनीतील अभ्यासकांनी १९७७ मध्ये उघड केले. आपण त्या थोर पुरुषाच्या किती जवळचे होतो, हे त्याला जगाला दाखवायचे होते. मात्र कोटाच्या रंगाने शिंडलरचा मोठेपणा काही वाढत नाही. म्हणून ती नोंद विश्वसनीय वाटते. पुरावा तोलायचा तो असा.

प्रयोग काय सांगतात?

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी आपले प्रयोग १९३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी इंग्लंडमधील लोकांना अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुढे ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. कथा दर वेळी आखूड होत गेली. अनोळखी गोष्टी गळाल्या किंवा ओळखीच्या झाल्या. सीलची शिकार साधी मासेमारी झाली!

'चॅलेंजर' हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी नष्ट झाले. ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली, हे अमेरिकेतील नायसर आणि हार्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले. अडीच वर्षांहून अधिक काळाने त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची उत्तरे सर्व मुख्य मुद्द्यांत चुकली, आणि तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील पहिला कागद दाखवूनही मूळ आठवण परत आली नाही!

यावरून काय दिसते? आठवण ही ग्रामोफोनच्या तबकडीसारखी कोरलेली नसते. आपण ती दर वेळी नव्याने रचतो आणि रिकाम्या जागा 'असेच असायला हवे' अशा गोष्टींनी भरतो. आमच्या प्रयोगशाळेत हे नेहमी दिसते. लंबकाच्या आंदोलनांचा काळ ताबडतोब वहीत न लिहिता एखादा विद्यार्थी म्हणतो, "सर, आठवतंय मला." मग त्याची आठवणीतली वाचने सूत्राशी इतकी छान जुळतात की, मला लगेच शंका येते!

तुम्हीच करून पाहा

शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर त्याच रात्री पाच मित्रांना वेगवेगळे बसवून लिहायला सांगा: पहिले गाणे कोणते झाले? गाणाऱ्याचे कपडे कोणत्या रंगाचे होते? सर्वांत मोठ्या टाळ्या केव्हा पडल्या? प्रत्येक उत्तरापुढे किती खात्री आहे, त्याचे पाचपैकी गुण द्यायला सांगा. कागद पाकिटात बंद करा. तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि उत्तरे ताडून पाहा. खात्री आणि खरेपणा यांची जोडी जमते का, तेही तपासा. स्वतःलाही यातून वगळू नका.

तर मग आख्यायिका ऐकायच्याच नाहीत का? जरूर ऐका. उंगर आणि थालबर्ग यांचे केव्हा याबद्दल एकमत नसले, तरी उंगरने बेथोव्हेनला वळवले यावर आहे. स्वतंत्रपणे सांगणारे दोघे जिथे जुळतात, तिथे गाभा बहुधा खरा असतो. कोणी पाहिले, किती वर्षांनी सांगितले आणि त्याच वेळचा लेखी पुरावा आहे का, हे तीन प्रश्न मात्र विचारायला विसरू नका. आणि तुमच्या आजोबांनी एखादी जुनी मैफल ऐकली असेल, तर त्यांची आठवण आजच तारीख घालून वहीत उतरवून घ्या. ती आणखी बदलण्यापूर्वी!